काळ्या रेघांचे वाचन

बिस्किटाचा पुडा घ्या किंवा एखादे नवे पुस्तक. त्याच्या पाठीवर काळ्या उभ्या रेघांची एक लहानशी चौकट आढळते. हाच बारकोड. दुकानदार त्यावरून हातातले यंत्र फिरवतो आणि वस्तूची किंमत पुढे येते. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण हे यंत्र घडवणाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न होता. कागदावरच्या रेघा मोजूनमापून छापलेल्या असतात. त्यांवरून फिरणारा माणसाचा हात मात्र कधी भरभर चालतो, कधी अडखळतो. मग वाचन अचूक व्हावे कसे?

बारकोडची मूळ कल्पना अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलंड व बर्नार्ड सिल्व्हर यांची. मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटे ओढताना वुडलंड यांना मोर्सच्या तारायंत्राची टिंबे व रेघा आठवल्या, आणि त्याच खाली लांबवल्या तर, असा विचार सुचला. १९४९ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९५२ साली ते मिळाले. प्रत्यक्ष दुकानात मात्र २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड वाचला गेला. तेथील यंत्र टेबलात बसवलेले होते. हाती धरायच्या यंत्राची तऱ्हा निराळी.

त्याचा सर्वांत साधा प्रकार पेनासारखा असतो. टोकाशी लाल प्रकाश देणारा एक डायोड, एक बारीक भिंग आणि परत आलेला प्रकाश टिपणारा दुसरा डायोड. पांढरा कागद प्रकाश परतवतो, काळी शाई तो गिळते. त्यामुळे पेन रेघांवरून ओढले की विजेचा प्रवाह वरखाली होतो. लाल उजेडात लाल शाई कागदासारखीच उजळ दिसते. म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा छापल्या तर यंत्राला त्या दिसतच नाहीत!

प्रकाशाचा ठिपका केवढा असावा, हेही ठरवावे लागते. दुकानी मालावरच्या बारकोडमध्ये सर्वांत बारीक रेघ साधारण ०.३३ मिलिमीटरची असते. ठिपका तिच्याहून मोठा झाला तर शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात. फारच लहान केला तर शाईतली छिद्रे आणि कागदावरचे डागही रेघा वाटू लागतात.

आता मूळ प्रश्न. यंत्राला लांबी कळत नाही. काळे किती वेळ दिसले व पांढरे किती वेळ, एवढेच कळते. हात दुप्पट वेगाने फिरला की प्रत्येक वेळ निम्मी होते. यावरची तोड वृत्ते शिकलेल्या आपल्या मंडळींना लगेच पटावी. श्लोक सावकाश म्हणा की भरभर, गुरू अक्षर लघूच्या दुप्पटच राहते. यंत्रही वेळ मोजून तेथेच थांबत नाही, ते प्रमाण पाहते. पट्ट्यांत मांडलेल्या प्रत्येक आकड्याच्या वाट्याला दोन काळ्या व दोन पांढऱ्या पट्ट्या येतात; त्यांची रुंदी एक ते चार मात्रांची, आणि बेरीज नेहमी सात. रूपक तालाचे आवर्तनच म्हणा ना! आकड्याला लागलेल्या एकूण वेळेला सातांनी भागले की एक मात्रा मिळते. पुढच्या आकड्याला हात मंदावला तरी तेथे मात्रा नव्याने काढली जाते.

एवढे करूनही चूक होऊ शकते. म्हणून शेवटचा आकडा केवळ पडताळ्यासाठी ठेवलेला असतो. समजा, ८९०१२३४५६७८९० असे तेरा आकडे आहेत. डावीकडून सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज ३४. तिची तिप्पट १०२. विषम स्थानांवरची बेरीज २८. एकूण १३०, म्हणजे दहाने निःशेष भाग जातो. यात ५ च्या जागी ६ वाचला गेला तर बेरीज १३३ होते आणि यंत्र ते वाचन नाकारते.

आता पेनासारखी यंत्रे मागे पडली आहेत. लेसरची यंत्रे आणि मोबाइलचे कॅमेरे हे काम करतात. पण प्रमाण पाहण्याची आणि पडताळा घेण्याची रीत तीच आहे. हात चुकणारच हे रचनाकाराने आधीच मान्य केले, म्हणून हे यंत्र कोणाच्याही हाती चालते. आणि पडताळा जुळला नाही तर ते अंदाजाने काही ठोकून न देता गप्प राहते. परीक्षेच्या दालनात आपल्यापैकी कितीजणांना हे जमते?