हरकती व सूचना

शहराची विकास योजना तयार झाली म्हणजे ‘नागरिकांनीं हरकती व सूचना पाठवाव्या’ अशी नोटीस वर्तमानपत्रांत येते. लिलावाच्या व नांव बदलल्याच्या जाहिरातींच्या गर्दींत ती बहुतेकांच्या नजरेस पडत नाहीं. पडली तरी आमचे पेठेंतील बंधु तिला सरकारी उपचार समजून पान उलटतात. हा समज घातक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या २६ व्या कलमान्वयें अशी नोटीस काढणें नगरसंस्थेवर बंधनकारक आहे. आणि लेखी हरकत घेऊन ‘आमचें म्हणणें समक्ष ऐका’ असें मागणारास समितीनें संधि दिली पाहिजे, असें २८ वें कलम सांगतें. सुनावणी पुष्कळदां पांच मिनिटांत उरकली जाते, हें आम्ही जाणून आहों. तथापि तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

या हक्कास लोकमताची जोड मिळाल्यास काय होतें, तें मुंबईनें २०१५ सालीं दाखविलें. महापालिकेनें २०१४ ते २०३४ या वीस वर्षांचा आराखडा फेब्रुवारींत प्रसिद्ध केला. त्यांत उभ्या इमारतींवरून रस्ते नेलेले, पुरातन वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या, असे दोष निघाले. नागरिक मंडळांनीं सभा भरविल्या, नकाशे लोकांस समजावून दिले, वर्तमानपत्रांनीं विषय लावून धरला. पण नुसत्या घोषणांवर न विसंबतां लोकांनीं हजारों लेखी हरकती महापालिकेच्या दप्तरीं नेऊन दिल्या. एप्रिलांत मुख्यमंत्र्यांस फेरआराखड्याचा हुकूम द्यावा लागला. २०१६ सालीं नवा मसुदा आला, त्यावरही पुन्हां हरकती मागविल्या गेल्या.

आमच्या व्यापारी मंडळींची चाल याच्या उलट. रस्तारुंदीची रेषा आपल्या दुकानावरून गेल्याचें त्यांस कळतें तें पाडकामाची टोळी दारांत उभी राहिल्यावर! मग नगरसेवकाच्या घरीं खेटे, आणि शेवटीं वकील. मुदत तोंवर उलटून गेलेली असते. आम्ही वकील लोक फी घेऊं शकतों, मुदत परत आणूं शकत नाहीं. नगरसेवकाची ओळख वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें गटार साफ होतें, दिवा लागतो. परंतु मार्च २०२२ मध्यें मुंबई व पुणें येथील महापालिकांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला, तो तीन वर्षांहून अधिक काळ तेथेंच राहिला. ज्यांची सारी भिस्त ओळखीवर, त्यांनीं त्या काळांत कोणाचें दार ठोठवावें?

यास्तव प्रत्येक पेठेच्या व्यापारी संघानें एक जाणता कारकून नेमावा. त्यानें नोटिसा वाचाव्या, नकाशा पाहून यावा, मुदतीचा दिवस वहींत टिपावा, आणि हरकत दाखल केल्यावर तारखेच्या शिक्क्याची पोंच घेतल्यावांचून कचेरींतून हलूं नये.