शरदातील घरस्वच्छता आणि यतना

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात विदर्भातून पावसाळा परततो आणि गोंदिया जिल्ह्यात धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात. याच सुमारास घरोघरी दीपावलीची आवरसावर सुरू होते. चार महिन्यांच्या ओलाव्यात भिंती, अंगण आणि कोठी यांत असंख्य सूक्ष्म जीवांनी आश्रय घेतलेला असतो. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनासाठी केलेली स्वच्छताच हिंसेचे निमित्त ठरू नये, यासाठी जैन आचारात यतना सांगितली आहे. जीव उत्पन्न झाल्यावर औषध फवारण्यापेक्षा त्यांच्या उत्पत्तीचे कारणच दूर करणे, हे तिचे व्यावहारिक रूप होय.

अंगण : शेवाळ अनंतकाय मानले जाते, म्हणून ते ओले असताना खरवडू नये. त्या जागेकडे येणारे पाणी वळवावे, ती उन्हात आपोआप सुकू द्यावी आणि नंतर मऊ झाडूने झाडावी. पुढील पावसाळ्यापूर्वीच अंगणाचा उतार नीट करून घ्यावा. ओल्या पालापाचोळ्यात जीव दडलेले असतात. तो न पेटवता झाडांच्या बुंध्याशी पसरावा.

पाणी : डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण 8 ते 10 दिवस लागतात. पाण्यात अळ्या दिसू लागल्या की कुटुंबाचे आरोग्य आणि जीवदया यांत पेच उभा राहतो. उन्हाळ्यानंतर तशीच राहिलेली कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर हे सारे आधीच कोरडे करून पालथे ठेवल्यास तो पेच उद्भवतच नाही. वापराच्या पाण्याची भांडी झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा.

दिवे : धान पिकू लागले की सायंकाळी तुडतुडे दिव्यांवर झेपावतात आणि सकाळी ओसरीवर त्यांचा सडा पडलेला दिसतो. बाहेरचे पांढरे, प्रखर दिवे गरजेपुरतेच लावावेत. पिवळ्या, मंद प्रकाशाकडे कीटक कमी येतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याच्या नियमाचे औचित्य या दिवसांत विशेष पटते.

धान्य : नवा तांदूळ साठवताना त्यातील ओलावा 14 टक्क्यांहून अधिक नसावा. कोठी रिकामी करून उन्हात तापवावी. धान्य वाळवल्यावर पूर्ण थंड होऊ द्यावे, मगच भरावे. गरम धान्य भरल्यास आत वाफ धरते आणि कीड लागते. कडुनिंबाचा पालाही पूर्ण वाळलेलाच घालावा. गोदामात पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून रचावीत.

ग्रंथ व वह्या : श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुक्ल पंचमी ही ज्ञानपंचमी. पावसाळ्यानंतर ज्ञानभांडारातील पोथ्या बाहेर काढून, निगुतीने पुसून पुन्हा बांधण्याची प्रथा या दिवसाशी जोडलेली आहे. दुकानातील जुन्या वह्या, खरेदीखते आणि विम्याची कागदपत्रे यांनाही त्याच दिवशी हवा दाखवावी, म्हणजे कसर लागत नाही.

ही सर्व कामे दिवसाउजेडी आणि घाई न करता करावीत. दीपावलीच्या आदल्या रात्री उरकलेल्या सफाईत घर चकाकते, परंतु यतना राहून जाते. पंधरा दिवस आधी आरंभ केल्यास दोन्ही साधतात.