उष्माघाताचे बळी कागदावर का येत नाहीत?

मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि सरासरीहून 4.5 अंश जास्त, किंवा थेट 45 अंश असेल तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. वडसा (देसाईगंज) आणि वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीत मे महिन्याची सरासरीच चाळिशीपार असते. तिथे 44 अंशांचा दिवस या व्याख्येत बसतच नाही.

पुढची अडचण पैशांची. 15व्या वित्त आयोगाच्या काळात (2021–26) केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्यांना स्थानिक आपत्ती जाहीर करून आपत्ती प्रतिसाद निधीच्या 10 टक्क्यांपर्यंतच खर्चाची मुभा होती.

मृत्यूची नोंद हा सर्वांत कच्चा दुवा. उष्माघाताच्या निदानासाठी शरीराचे तापमान वेळेत मोजावे लागते. घरी किंवा शेतात दगावलेल्याच्या नावापुढे बहुधा हृदयविकार लिहिला जातो. आकडा लहान, म्हणून तरतूदही लहान. अहमदाबादेत मे 2010च्या लाटेतील सुमारे 1,300 जादा मृत्यू एकूण मृत्यूंच्या तुलनेतून उघड झाले, आणि 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला.

‘दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका’ ही सूचना तेंदूपत्ता मजुराला फारशी उपयोगी नाही. हंगाम ऐन उन्हाळ्यातला, मजुरी पुडक्यांच्या शेकड्यावर. काम थांबले की कमाई थांबते. सूचना तरी कोण पाळतो? 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळा शासनानेच भर उन्हात घेतला. त्यात 14 जणांचा मृत्यू झाला.