शेवटच्या रांगेतला साउंडवाला

एसपी रोडवर दुपारचे बारा वाजलेत. एप्रिल आहे. पारा चौतिशीला टेकलाय आणि गल्लीत वाऱ्याला शिरायला वाट नाही. आठ-आठ फुटांची दुकानं. दारात केबलची भेंडोळी, आत छतापर्यंत रचलेली खोकी. कुठूनतरी सोल्डरिंगचा वास येतो. डोक्यावर मॉनिटरचे तीन खोके घेतलेला हमाल ‘सैड, सैड!’ ओरडत येतो आणि सगळी गर्दी भिंतीला चिकटते.

मी एका साउंडवाल्याच्या मागून चाललोय. माणूस बेळगावचा, आता बेंगळुरूचाच झालेला. एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा. संध्याकाळी चामराजपेटेत रामनवमीच्या मांडवात अभंगांचा कार्यक्रम आहे. त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत दोन टॅबलेट आहेत. एकावर मिक्सरच्या कंपनीचं फुकटचं ॲप, दुसऱ्यावर विकत घेतलेलं. आज घ्यायचाय तो मात्र राउटर, आणि तीस मीटर कॅट-सिक्स केबल.

‘ड्युअल बँड इदेया?’ तो विचारतो. दुकानदार मान वर न करता तीन खोकी पुढे सरकवतो. हा एकेक उघडतो, अँटेना हलवून बघतो, ॲडॅप्टरची पिन घट्ट बसते का ते तपासतो.

‘सगळे मला ॲपचंच विचारतात,’ तो म्हणतो. ‘विकतचं घेऊ, का फुकटचं बास होतंय? मी म्हणतो, पहिला तुमचा राउटर दाखवा की.’

केबल मोजायला वेळ लागतो. आमच्या पुढे चार जण आहेत. कुणाला सीसीटीव्हीची वायर हवी आहे, कुणाला लॅपटॉपचा पंखा. पंधरा मिनिटं आम्ही घामाघूम उभे.

मग चालत केआर मार्केट. उड्डाणपुलाखालच्या सावलीत फुलांचे ढीग. अबोलीचे गजरे वावावर मोजून दिले जातायत. बसचे हॉर्न, भाजीवाल्यांच्या हाका, पायाखाली ओला पाला. मार्केट मागे पडलं की चामराजपेट लागते, आणि रस्ते एकदम सरळ होतात. १८९२ साली आखून वसवलेली ही पेठ. झाडं जुनी, घरांना अजून कुठे कुठे लाल कौलं. रामनवमीच्या आगेमागे महिनाभर इथे गाणं असतं. जवळच फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरचा संगीतोत्सव १९३९ पासून चालत आलाय. देशातले मोठमोठे गवई तिथे गाऊन गेलेत. आजचा मांडव त्या मानाने लहान. आडव्या रस्त्यावर पत्र्याचं छत, बांबू, हिरवं कापड, सातशेएक प्लास्टिकच्या खुर्च्या.

पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. पोरं स्पीकर चढवतायत. स्टेजच्या कडेला, तबलजीच्या पाटाजवळ, एक लहानसा काळा डबा ठेवलाय. हाच मिक्सर. बेरिंजरचा एक्स-एअर १८. समोर सोळा माइकची भोकं, पण वर सरकवायला एकही फेडर नाही. पूर्वी मांडवाच्या मधोमध टेबल असायचं, त्यावर खाटेएवढा मिक्सर, आणि स्टेजपासून तिथपर्यंत माणसाच्या मांडीएवढा जाड स्नेक केबल. त्यावर अडखळून कुणी ना कुणी पडायचंच. २०१२ साली मॅकीने डीएल-१६०८ काढला, त्यात आयपॅड खोबणीत सरकवायचा आणि तोच मिक्सरचा चेहरा. त्याच वर्षी एक्स-३२ आला. त्याला फेडरही होते आणि टॅबलेटही चालायचा. पुढे फेडर गेलेच. आता डबा स्टेजवर असतो आणि काच हातात.

म्हणून ॲपचा प्रश्न इथे हौसेचा राहत नाही. फेडर असलेल्या मिक्सरवर ॲप ही सोय असते. या डब्यावर ॲप बंद म्हणजे हात बांधले.

मांडवाच्या पश्चिमेला कापड लागायचंय, तिथून ऊन थेट आत येतं. साउंडवाला नवा, विकतच्या ॲपचा टॅबलेट काळ्या फ्लाइट केसवर ठेवून माइक लावायला वाकतो. दहा मिनिटांनी परत येतो तर पडद्यावर थर्मामीटरचं चित्र आणि थंड होऊ द्या अशी सूचना. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. उन्हात तापलेल्या काळ्या केसवर तो कितीवर गेला असेल कोण जाणे. मी घाबरून स्पीकरकडे बघतो. तानपुऱ्याचं मशीन चालूच आहे, आवाज जसाच्या तसा.

‘आवाज डब्यात असतोय सर, ह्याच्यात नाही,’ तो टॅबलेट पंख्यासमोर धरत सांगतो. ‘हे नुसतं रिमोट. हे मेलं तरी गाणं थांबत नाही. पण कमी-जास्त करता येत नाही, तेवढंच.’ तोवर पोऱ्या जुना टॅबलेट उघडतो. त्यावर फुकटचं ॲप. काम पुढे सुरू.

‘हलो. ओंदु, एरडु, मूरु. हलो.’ पोऱ्या स्टेजवर एकेका माइकपुढे जाऊन हेच म्हणतो. गायक, दोन साथीला, पेटी, तबल्याचे दोन, पखवाजाचे दोन, टाळ, तानपुरा, साइड ऱ्हिदम, निवेदन. बारा झाले. सोळा पुरेत.

साडेचारला पुण्याहून आलेली मंडळी स्टेजवर बसतात. आता मॉनिटरची, म्हणजे ज्याला-त्याला ऐकायच्या स्टेजवरच्या स्पीकरची, मागणी सुरू होते. पखवाजवाल्याला पेटी हवी, पेटीवालीला पखवाज नको. गायकाला स्वतःचा आवाज, तानपुरा आणि थोडा एको. तबला अगदी नावाला. साथीला बसलेली तरुण मुलगी आपला फोन पुढे करते. तिच्या फोनवर कंपनीचंच फुकटचं ॲप उतरवलेलं आहे. साउंडवाला तिला राउटरचा पासवर्ड देतो आणि तिच्या मॉनिटरचा बस, म्हणजे आवाजाची वेगळी वाट, दाखवतो. ‘हे एवढंच हलवायचं ताई, बाजूचं नको.’ ती तानपुरा वाढवते, मान डोलावते, फोन मांडीखाली ठेवते.

कलाकाराला एवढं पुरतं. देवळात कायमचा बसवलेला मिक्सर असेल, रोज तीच आरती, तेच दोन माइक, तर तिथेही फुकटचं ॲप पुरून उरतं. पैसे मोजायचं काही कारण नाही. यामाहाचं स्टेजमिक्स, ॲलन अँड हीथचं क्यू-पॅड हीसुद्धा अशीच मोफत मिळतात आणि चांगली चालतात. साउंडक्राफ्टच्या यूआय मिक्सरला तर ॲपही लागत नाही, साधा ब्राउझर पुरतो.

पाचला पानकाची रांग लागते. गूळ, सुंठ, वेलची घातलेलं गार पाणी आणि द्रोणात कोसंबरी. भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरं. रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते. सायकली, स्कूटर, रेशमी साडीतल्या आजी, ऑफिसातून परस्पर आलेली मुलं गळ्यातल्या ओळखपत्रासकट. चिकपेटच्या बाजूने भावसार घरांतली मंडळी आलीत. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या इथली. बोलताना कन्नडचा हेल, अभंग म्हणताना थेट पंढरपूर. मी दोन पेले पितो. घसा सुंठेने चरचरतो, बरं वाटतं.

रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात फोन आहे. साउंडवाला रांगेकडे बघतो ते याच नजरेने. डब्यात जन्मजात वायफाय आहे, पण ते २.४ गिगाहर्ट्झवरचं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या घरांचे राउटर, सातशे माणसांचे फोन, ब्लूटूथ, सगळे तिथेच. म्हणून तो दुपारी घेतलेला राउटर मांडवाच्या खांबावर आठ फूट उंच बांधतो, डब्यापासून केबल ओढतो आणि टॅबलेट ५ गिगाहर्ट्झवर जोडतो. २.४ बंदच करून टाकतो.

‘मीटरवर लक्ष ठेवा,’ तो मला सांगतो. मिक्सर टॅबलेटला क्षणाक्षणाची खबर देत असतो, पण ॲपने दर दहा सेकंदांच्या आत पुन्हा मागणी केली नाही तर खबर देणं थांबवतो. नेटवर्क तुटलं की हिरव्या पट्ट्या जागच्या जागी गोठतात. गाणं चालू आणि पट्ट्या स्थिर, असं दिसलं की समजावं, आपण आता फक्त श्रोते.

साडेसहा. दिवे लागतात. निवेदन होतं, सत्कार होतो, तो लांबतो. सातला पहिला गजर. टाळ कडाडतात आणि पत्र्याचं छत त्यांना दुप्पट करून खाली फेकतं.

साउंडवाला बसलेला नाही. तो टॅबलेट छातीशी धरून खुर्च्यांच्या कडेने चालतोय, मी मागे. चौथ्या रांगेत आवाज भरलेला, गोल. पंधराव्या रांगेत पखवाज घुमतो, शब्द बुडतात. अगदी मागे, स्टेजपासून चाळीसेक मीटरवर, पानकाच्या पिंपांशेजारी म्हाताऱ्यांची रांग आहे. एक आजी कानाला हात लावून बसल्यात. याला बघून म्हणतात, ‘केळिस्ता इल्लप्पा. स्वल्प जास्ती माडी.’ ऐकू येत नाही बाबा, जरा वाढवा.

मास्टर, म्हणजे एकूण आवाज, तो वाढवत नाही. तिथेच उभा राहून डोळे मिटतो, ऐकतो. मग बोटं चालतात. इथे मला विकतचं ॲप जवळून दिसतं. नाव मिक्सिंग स्टेशन. पडद्यावर सोळा चॅनेलची रांग नाहीच. त्याने स्वतः मांडलेलं एकच पान आहे. डावीकडे गायकाचा फेडर, तळहाताएवढा रुंद. शेजारी टाळ, पखवाजाची धुम, एको. उजव्या कोपऱ्यात, अंगठा आपोआप पडतो तिथे, म्यूटचं बटण. बाकी सगळं दुसऱ्या पानावर. नजर स्टेजवर ठेवूनच तो पखवाजाची धुम खाली घेतो, गायकाच्या इक्वलायझरमध्ये वरचा भाग किंचित उचलतो. शब्द वर येतात. आजींचा हात कानावरून खाली येतो आणि ताल धरतो.

जुना टॅबलेट पोऱ्याच्या हातात आहे. मी त्यावर तेच करून बघतो. चॅनेल मिक्सरच्या क्रमाने एकामागून एक. पखवाजापर्यंत सरकत जायचं, चॅनेल उघडायचा, इक्वलायझरवर जायचं, परत यायचं. होतं सगळं, अडत काहीच नाही. फक्त तेवढ्यात अभंगाचं एक कडवं निघून जातं. चालत्या कार्यक्रमात, अंधारात, घामेजल्या बोटांनी काम करणाऱ्याला हा फरक मोठा आहे असं मला तरी वाटतं. एकदा मोजलेले पैसे आणि एका रात्रीचं साउंडचं भाडं यांची तुलनाच नाही.

मध्येच शिट्टी. बारीक, कानात घुसणारी. सातशे माना वळतात. तो आधीच दुसऱ्या पानावर गेलाय. इक्वलायझरच्या रेषेमागे आवाजाच्या शंभर पट्ट्या नाचतायत आणि एक टोक बाकीच्यांच्या वर उभं आहे, अडीच हजार हर्ट्झच्या आसपास. बोट तिथे ठेवून तो खाली ओढतो. शिट्टी जाते. गायकाने डोळेही उघडलेले नसतात.

तरी शिट्टी कुठली हे त्याच्या कानाने आधी ओळखलेलं असतं. बोट त्या जागेकडे निघालं ते पडदा बघण्याआधी. हे मी पाहिलंय. हा कान विकत मिळत नाही, आणि तो नसलेल्या माणसाच्या हातात महागडं ॲप दिलं तर तो त्याच चुका अधिक वेगाने करील.

पावणेदहा. मांडवाबाहेर पोलीस शिपाई येऊन उभा राहतो, काही बोलत नाही, घड्याळ बघतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक. खास परवानगी असेल तरच मध्यरात्रीपर्यंत. आजची परवानगी दहाचीच. भैरवी सुरू होते. सगळा मांडव उभा राहून टाळ्या वाजवतोय आणि गजर वर चढतोय. साउंडवाला मास्टरवर बोट ठेवून उभा आहे, प्रत्येक आवर्तनाला केसभर खाली घेतोय. शेवटच्या आवर्तनात लोकांचाच आवाज स्पीकरपेक्षा मोठा आहे. नऊ अठ्ठावन्नला म्यूट.

खुर्च्या एकात एक घातल्या जातात. पोरं केबल गुंडाळतायत, एक वेढा सुलटा, एक उलटा. शेजारच्या पेठेतल्या मांडवावर काम करणारा एक पोरगा घुटमळत येतो. ‘अण्णा, ते ॲप घेऊ का?’

‘मिक्सर एकच असतोय तुझ्याकडं, का रोज वेगळा?’

‘भाड्यानं आणतोय. कधी एक्स-३२, कधी मायडास, परवा ॲलन अँड हीथ दिला.’

‘मग घे. ह्या सगळ्यांवर चालतंय. रोज नवीन ॲप शिकत बसायला नको. राउटर कुठला आहे?’

पोरगा गप्प. साउंडवाला त्याचा फोन मागून घेतो, ॲप उतरवतो. मिक्सर जोडलेला नसतानाही ते उघडून मांडणी करता येते. उद्या पोराच्या मांडवात कर्नाटक संगीताची मैफल आहे. दोघं स्टेजच्या पायरीवर बसतात. गायन, व्हायोलिन, मृदंग, घटम. मृदंगाला दोन माइक लावायचे का एक, यावर बोलणं होतं. मग घटमचा फेडर पहिल्या पानावर हवा की दुसऱ्या, यावर वाद लागतो. पोराचं म्हणणं, घटम तनी आवर्तनात, म्हणजे तालवाद्यांच्या स्वतंत्र वादनात लागणार, तोवर मागे राहू दे. साउंडवाला म्हणतो, तनी सुरू झाल्यावर पान उलटायला वेळ कुठला. टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवतो. दोघांपैकी कुणीच उठत नाही.