नळीवरचं नक्षीकाम

टोरोंटो विद्यापीठाच्या कला संग्रहालयात लिलियन मॅल्कोव्ह यांचा संग्रह आहे. विनिपेगमध्ये वाढलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये मनोविश्लेषणाचा व्यवसाय केलेल्या या डॉक्टरीणबाईंनी जमवलेल्या पाचशेवर वस्तू विद्यापीठाला देऊन टाकल्या. शीला कॅम्पबेल यांनी संपादित केलेली या वस्तूंची सूची १९८५ साली निघाली. संग्रहातला मानकरी म्हणजे चित्रकार क्रानाखचं १५३८ सालचं आदम-ईव्हचं चित्र. माझा ओढा मात्र सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या आणि कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती परंपरेच्या, वस्तूंकडे.

कॉप्टिक हस्तिदंत म्हटलं, तरी इजिप्तच्या या कोरीवकामातलं बरंचसं प्रत्यक्षात हाड असतं. हस्तिदंत महाग, गुरांची हाडं मुबलक. ओळखायचं तर कोरलेला चेहरा सोडावा आणि भिंग घेऊन कड बघावी. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडात ती नसते. तिथे रक्तवाहिन्यांच्या जागी काळपट ठिपके, उभ्या छेदात बारीक चिरा. कोरलेली पट्टी उलटी केली की कधी आतला स्पंजासारखा भाग खरवडायचा राहिलेला सापडतो. मटणाच्या रश्श्यातली नळी चोखलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

खरी अडचण जाडीची. नळी आतून पोकळ, त्यामुळे कोरायला मिळते ती जेमतेम भिंत, तीही बाहेरून गोलसर. खोल जावं तर आरपार भोक पडायचं. मग कारागीर त्या गोलाईलाच कामाला लावतो. नाचणाऱ्या बाईचं पोट किंवा मांडी नेमकी फुगवट्यावर घ्यायची, हातपाय उताराला न्यायचे आणि वस्त्राच्या चुण्या नुसत्या रेघांनी भागवायच्या. डोळे मोठे, काम घाईचं. अशा पट्ट्या लाकडी पेट्यांवर आणि सामानावर जडवायच्या असत. कोण एवढं निरखणार! तरीही पुष्कळ गुळगुळीत दरबारी हस्तिदंतांपेक्षा मला यांत जास्त जीव दिसतो.

हस्तिदंत हाताशी असला, की हात मोकळा सुटतो. जर्मनीत आखेनच्या कॅथेड्रलमधल्या व्यासपीठावर सहाव्या शतकातल्या सहा हस्तिदंती पट्ट्या आहेत. त्या इजिप्तच्या मानल्या जातात, आणि चर्चच्या व्यासपीठावर असूनही त्यांत मद्याचा देव डायोनिसस खुशाल उभा आहे! त्यांचा उठाव इतका भरीव आहे, की हाडाच्या पट्टीत तो मावलाच नसता. आपल्याकडे तेरला सापडलेली सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर चारही बाजूंनी घडवलेली आहे. तिच्या कारागिराला अख्ख्या सुळ्याची जाडी मिळाली होती.