मोटारीवरील बिनतारी यंत्राच्या काठीची छाटणी

अमेरिकेत सन १९५८ पासून सामान्य नागरिकांस २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बिनतारी संभाषणाची मुभा आहे. तेथील शेतकरी ट्रॅक्टरवर व मालमोटारीवर अशी यंत्रे बसवून दूरच्या शेतातून घराशी बोलतात. या यंत्राची पोलादी काठी, म्हणजे एरियल, योग्य लांबीची कशी करावी, हे आम्ही येथे सांगणार आहो.

या पट्ट्यातील लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे ९ फुटांची काठी लागते. मात्र बुडाशी अथवा काठीवर तारेचे वेटोळे असल्यास ती आखूडही चालते. मोटारीचा धातूचा सांगाडा हा एरियलचा दुसरा अर्धा भाग होय. यास्तव बैठकीखालचा रंग खरवडून धातूस धातू भिडविणे अगत्याचे आहे.

लांबी चुकली की काही शक्ती यंत्राकडे परत फिरते. हे प्रमाण एस. डब्ल्यू. आर. मीटर दाखवितो. काटा १.५ वर असता शेकडा ४ शक्ती परत येते. ३ वर असता शेकडा २५ येते व यंत्र तापून निकामी होण्याचे भय असते.

मोटार मोकळ्या रानात, झाडे व पत्र्याचे छप्पर यांपासून दूर उभी करावी. दारे लावून घ्यावी. यंत्र व एरियल यांच्यामध्ये मीटर जोडून चॅनेल १ व चॅनेल ४० यांवर माप घ्यावे. बोलण्याची कळ दाबलेली असता काठीस कोणीही स्पर्श करू नये. चॅनेल ४० वरील आकडा मोठा आला तर काठी लांब आहे. चॅनेल १ वरील मोठा आला तर ती आखूड आहे. दोन्हीकडे आकडा सारखा व १.५ च्या आत आला की काम झाले. दोन्हीकडे ३ च्या वर गेला तर दोष बहुधा बैठकीत किंवा तारेच्या जोडात असतो. तेथे काठीस हात लावू नये.

काठी लांब ठरल्यास प्रथम बुडाचा स्क्रू सैल करून ती खाली सरकवावी. सरकण्यास जागा उरली नाही तरच एका वेळी एक सूत कापावे व पुन्हा मोजावे. छाटलेल्या द्राक्षवेलीस फूट येते. छाटलेल्या पोलादास येत नाही.

विजेच्या तारांखालून जाताना उंच काठी वाकवून बांधावी, कारण तेथे प्रश्न यंत्राचा नसून जिवाचा असतो. आपल्या देशात असे यंत्र घेण्यापूर्वी परवान्याचे नियम अवश्य पाहावे.