सेलूचा कापूस, अलाबामाचे जिन

‘सिंदी (सेलू)’ हे नाव कापसाच्या रोजच्या भावयादीत असते. वर्धा जिल्ह्यातल्या बोर नदीकाठच्या या तालुक्यातला कापूस बाजारातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, म्हणजे जिनात जातो, आणि विदर्भाच्या जिनांत वर्षानुवर्षे जे रुळाचे यंत्र चालत आले आहे त्याचा मूळपुरुष अमेरिकेतला आहे. अलाबामातल्या फोन्स मॅकार्थी याने १८४० साली त्याचे पेटंट घेतले. चामड्याचा खरबरीत रूळ तंतू धरून ओढतो, रुळाला टेकलेले पाते सरकीला अडवते आणि वरखाली हलणारी पट्टी तिला ठोकून मोकळी करते. क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. उरते ती मुख्यतः सरकी. घरोघरी बायका हातरेचीवर जे काम करीत, ते या यंत्राने जिनाच्या आवारात नेले. एवढा पालट घडवणाऱ्या यंत्राला समाज बदलण्याचे श्रेय किंवा दोष सहज दिला जातो. माझ्या मते दोन्ही चुकीच्या दारी जातात. कापसाच्या मुलखात माणसाचे जिणे ठरवले ते जमीन कोणाची, कर्ज कोणाचे आणि वजनकाटा कोणाच्या हाती, या गोष्टींनी.

अमेरिकेचा पुरावा आधी पाहू. एली व्हिटनीला दातेरी जिनाचे पेटंट १७९४ साली मिळाले. १७९०च्या शिरगणतीत तिथे सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली ते जवळजवळ चाळीस लाख झाले. यावरून जिनाने गुलामगिरी वाढवली, असे सांगतात. जिनाने वाढवली ती कापसाची लागवड. निंदण-वेचणीला लागणारे हात मजुरी देऊन आणायचे की विकत घ्यायचे, हे कायद्याने ठरवले होते. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, यंत्र मात्र तेच राहिले, आणि १८८० पर्यंत कापसाचे पीक यादवी युद्धापूर्वीच्या वर गेले. गुलामांशिवाय हे यंत्र चालू शकत होते, याला आणखी दाखला नको. पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. मळ्याच्या मालकाकडे बटई आणि दुकानदाराकडे पिकावरची उधारी, या दोन दोरांनी त्यांना पुन्हा बांधले. १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींशी अहिंसेवर बोललेले बेंजामिन मेज दक्षिण कॅरोलिनातल्या खंडकरी कापूस शेतकऱ्याचे पुत्र. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मले होते. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांना घडवणारा हा माणूस कापसाच्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात आला होता.

अमेरिकेतल्या त्याच यादवी युद्धाने वर्ध्याचा कापूसही जगाच्या बाजारात ओढला. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे अडवली, मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळल्या आणि भाव चढले. १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा झाला, १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. युद्ध संपताच भाव कोसळले. चढत्या भावावर काढलेले कर्ज तसेच राहिले. इथे गुलाम नव्हते, पण मालगुजाराखालचे कूळ होते आणि पीक उभे असतानाच त्यावर हक्क सांगणारा सावकार होता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. सागरापलीकडच्या सामाजिक बदलाशी आपल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख जोडणारी ही नजर मला आजही थक्क करते.

कोणी म्हणेल, आगगाडी आणि जिन आले नसते तर हा बाजारच उभा राहिला नसता. ते खरे आहे. पण बाजार उभा राहणे वेगळे आणि त्यात शेतकऱ्याला दाम मिळणे वेगळे. वऱ्हाडात १८९७ साली, मध्य प्रांतात १९३२ साली कापूस बाजारांचे कायदे झाले, तेव्हा व्यवहाराला आणि वजनमापाला नियम आला. रूळ आणि पाते पूर्वीचेच होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: १९४४ साली मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्याने पेरणीपासून वेचणीपर्यंत सारा कापूस यंत्रावर काढून दाखवला आणि पुढे बटईदारांची गावेच उठली, मग यंत्राने समाज बदलला नाही कसा? ती माणसे उठवता आली, कारण पायाखालची जमीन त्यांची नव्हती. हाच प्रश्न सेलूपुढे येणार आहे. इथे वेचणी अजून हातानेच होते, मजुरी किलोवर मिळते आणि वेचणाऱ्या बहुतेक बायका भूमिहीन किंवा अल्पभूधारक घरच्या आहेत. वेचणीचे यंत्र बांधावर येण्याआधी त्यांच्या कामाची हमी, आणि गटाने यंत्र घ्यायचे झाल्यास त्यात त्यांचा वाटा, हे ग्रामसभांनी आणि बाजार समितीने लेखी ठरवावे, अशी माझी मागणी आहे. क्लार्क्सडेलला ते आधी कोणी ठरवले नव्हते.